समुद्र आपला, प्याला कुणाचा?

मराठी मध्यमवर्गाच्या सुखकल्पनांमध्ये गेल्या काही वर्षांत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. सायंकाळी बंदरातून निघणारी सुशोभित नौका, मंद संगीत, मेजावर एकामागून एक येणारे पदार्थ आणि प्रत्येक पदार्थासोबत 'जुळणारी' वेगळी वाईन! मुंबईत गेटवे ऑफ इंडियाच्या परिसरातून, गोव्यात मांडवीच्या पात्रातून आणि परदेशी सहलींत तर जवळजवळ प्रत्येक बंदरातून भोजनासह नौकाविहाराची सोय असते. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, मुलाला लागलेली मोठ्या पगाराची नोकरी, वडिलांची सेवानिवृत्ती अशा निमित्तांनी तिथे जागा राखून ठेवल्या जातात. समुद्रापासून फार दूर असलेल्या आमच्या पारोळ्यातही आता ही कल्पना नवलाची राहिलेली नाही. पुण्या-मुंबईत स्थिरावलेली मुले आईवडिलांना मोठ्या प्रेमाने बोलावतात आणि ज्या घरात आजवर प्याला शिरला नव्हता, त्या घरातील मंडळींसमोर तो प्रथमच, तोही आपल्याच मुलाच्या हातून, ठेवला जातो.

यावर कोणी म्हणेल, ज्याचा पैसा तो खर्च करतो, तुम्हांला त्याची उठाठेव कशाला? प्रश्न रास्त आहे. परंतु प्रश्न पैशाचा नाही आणि नौकेचाही नाही. कुटुंबाच्या आनंदसोहळ्यात मद्याला मानाचे पान मिळू लागले आहे आणि त्याबद्दल कोणाला काही वाटेनासे झाले आहे, हा खरा चिंतेचा विषय आहे.

नौकाविहाराला विरोध कशासाठी?

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. समुद्राकडे पाठ फिरवणे ही आपली परंपरा नव्हे. मुंबईचे बंदर हे तर उघडे पडलेले इतिहासाचे पुस्तक आहे. गेटवेहून नौका निघाली की समोर घारापुरी येते. तेथील त्रिमूर्तीच्या शिल्पासमोर उभे राहिल्यावर ज्याचे मस्तक झुकत नाही, असा माणूस विरळा. १९८७ मध्ये युनेस्कोने या लेण्यांचा जागतिक वारशात समावेश केला. बंदराच्या मुखापलीकडे, थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी आहे. १६७९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी या बेटावर दुर्ग उभारण्यास आरंभ केला, तेव्हा मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. त्यांनी आपली गलबते धाडली, बेटाची कोंडी करून पाहिली. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या आरमाराने ती मोडून काढली आणि पुढील वर्षी इंग्रजांना माघार घ्यावी लागली. त्याच खांदेरीचे नाव धारण करणारी पाणबुडी माझगाव गोदीत बांधली गेली आणि २०१९ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा दुर्गांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत खांदेरी आहे आणि आपल्या खान्देशाच्या शेजारचा, बागलाणातील साल्हेरही आहे.

सायंकाळच्या प्रकाशात हे सारे मुलांना दाखवीत, त्याची कथा सांगत दोन तास पाण्यावर घालवणे, यासारखा दुसरा संस्कार नाही. दुःख एवढेच की, ज्या जलमार्गावर आरमाराने इंग्रजांना रोखले, त्याच जलमार्गावर आज आपली नजर खांदेरीच्या दिशेने न वळता प्याल्याच्या तळाशी जाते. प्याल्यातील द्रव कोणत्या द्राक्षाचा, कोणत्या वर्षीचा, हे सांगणारा सेवक तिथे हजर असतो. समोरचे बेट कोणाचे, हे सांगणारा कोणी नसतो.

'वाईन म्हणजे दारू नव्हे'

वाईनच्या बाजूने सर्वांत अधिक वापरला जाणारा युक्तिवाद हा की, वाईन म्हणजे दारूच नव्हे. २७ जानेवारी २०२२ रोजी तेव्हाच्या महाविकास आघाडी सरकारने मोठ्या किराणा दालनांतून वाईनविक्रीस मुभा देण्याचा निर्णय घेतला, त्या वेळी सत्तारूढ आघाडीच्या नेत्यांनी हेच सांगितले होते. त्यावर राज्यभर वादळ उठले. ज्येष्ठ समाजसेवक अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी महाराष्ट्राचे 'मद्यराष्ट्र' होऊ देणार नाही, अशी ठाम भूमिका घेतली.

वाईन दारू आहे की नाही, हे घोषणांनी ठरत नाही, अंकगणिताने ठरते. साध्या वाईनमध्ये मद्यार्काचे प्रमाण सुमारे बारा ते चौदा टक्के असते. नौकेवरील भोजनात पाच पदार्थ आले आणि प्रत्येकासोबत केवळ ७५ मिलिलिटर, म्हणजे अर्धाच प्याला, वाईन दिली, असे धरू. पाच अर्धे प्याले म्हणजे ३७५ मिलिलिटर, म्हणजेच अर्धी बाटली. तिच्यातील शुद्ध मद्यार्क भरतो जवळजवळ पन्नास मिलिलिटर. व्हिस्कीच्या तीस मिलिलिटरच्या चार पेगांतही साधारण तेवढाच असतो. जो गृहस्थ आपल्या मुलीसमोर व्हिस्कीचे चार पेग घेण्याची कल्पनाही करू शकणार नाही, तोच गृहस्थ तेवढेच मद्य 'आस्वाद' या नावाखाली तिच्या शेजारी बसून घेतो. शरीराला नावातील हा फरक कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले की, मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही. त्यात वाईनला सूट नाही.

दुसरा युक्तिवाद शेतकऱ्याचा. वाईन खपली तर द्राक्षाला भाव मिळेल, हे ऐकून शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही क्षणभर थांबावेसे वाटेल. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, वाईनला उत्पादन शुल्कात मोठी सवलत दिली, नाशिक जिल्ह्यातील विंचूर आणि सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाईन पार्क उभे केले. नाशिकच्या आसपास काही उद्योग नावारूपास आले, हेही खरे. परंतु आपण बाजारातून आणतो ते खाण्याचे द्राक्ष वेगळे आणि वाईनचे द्राक्ष वेगळे. राज्यातील द्राक्षबागांत वाईनच्या वाणांचा वाटा अगदी थोडा आहे. अवकाळी पावसाने आणि गारपिटीने ज्याची थॉम्पसनची बाग झोपते, त्या शेतकऱ्याला नौकेवर रिचवलेल्या प्याल्याने कोणताही आधार मिळत नाही. उलट २००८ च्या जागतिक मंदीनंतर वाईनचा साठा पडून राहिला, तेव्हा कंपन्यांच्या भरवशावर वाईनची द्राक्षे लावलेल्या अनेक शेतकऱ्यांवर वेली उपटण्याची पाळी आली. शेतकऱ्याचे हित साधायचे, तर बेदाणा, शीतगृहे, निर्यात, पीकविमा असे अनेक मार्ग आहेत. शेतकऱ्याच्या नावाने प्याला उचलणे, हा त्यांतला सर्वांत सोयीचा आणि सर्वांत कमी उपयोगाचा मार्ग होय.

जोडीचे शास्त्र

पदार्थ आणि पेय यांची जोडी लावण्याचे शास्त्र पाश्चात्त्यांनी आपल्याला शिकवावे, याची गंमत वाटते. खान्देशातील कोणत्याही आजीबाईला विचारा. आखाजीला खापरावरच्या पुरणपोळीसोबत आमरस का हवा, भरतासोबत कळण्याचीच भाकरी का, झणझणीत शेवभाजीनंतर ताक का, हे ती एका दमात सांगेल. ऋतू, पचन आणि चव या तिन्हींचा मेळ घालूनच आपली पाने वाढली गेली. त्या पानात मीठ डावीकडे असते की उजवीकडे, यालाही विचार होता. आपल्या अन्नाला जोडी हवी ती भूक शमवणारी आणि मन तृप्त करणारी. जी जोडी चौथ्या पदार्थानंतर पाचव्याची चवच कळू देत नाही, तिला भोजनशास्त्र म्हणणे धाडसाचे आहे.

येथे काही विद्वान सोमरसाचा आणि आयुर्वेदाचा दाखला देतात. प्राचीन भारतात मद्य नव्हते, असे कोणी म्हणत नाही. चरकसंहितेत मद्याचे वर्णन जरूर आहे. परंतु ते जेथे विस्ताराने येते, तो चिकित्सास्थानातील अध्याय 'मदात्यय' म्हणजे मद्यातिरेकातून होणाऱ्या विकारांचा आहे, हे सांगायला ही मंडळी विसरतात. धर्मशास्त्राने सुरापानाची गणना महापातकांत केली. आपल्या पूर्वजांना मद्य ठाऊक होते, म्हणूनच त्याच्या भोवती मर्यादा आखण्याचे शहाणपण त्यांच्यापाशी होते. आज मद्य घ्यायचे आहे, मर्यादा मात्र नको आहे.

द्वारकेतील बंदी आणि प्रभासचा किनारा

महाभारताच्या मौसलपर्वातील एक प्रसंग या संदर्भात मुळातून वाचण्यासारखा आहे. ऋषींच्या शापानंतर द्वारकेत दवंडी पिटण्यात आली की, नगरीत यापुढे कोणीही सुरा तयार करू नये आणि जो करील, त्याला कुटुंबासह सुळावर चढविले जाईल. यादवांनी आज्ञा मानली. पुढे सारे यादव कुटुंबकबिल्यासह समुद्रकिनारी प्रभासक्षेत्री यात्रेला गेले. सोबत खाद्यपेयांची रेलचेल होती, नट-नर्तक होते. नगरीतील बंदी नगरीतच राहिली. किनाऱ्यावर प्याले भरले, जुने वाद उकरले गेले, हात उगारले गेले आणि एकाच दिवसात एक पराक्रमी कुळ आपसांत लढून संपले. साक्षात भगवान श्रीकृष्ण ज्यांच्यात होते, त्यांचीही ही गत झाली.

व्यासांनी हा प्रसंग समुद्रकिनारीच घडविला, याला अर्थ आहे. माणूस घराबाहेर पडला, सहलीला निघाला, पाण्याच्या काठी पोहोचला की घरचे नियम सैल होतात. 'एकदाच तर घेतोय', 'इथे कोण ओळखीचे आहे', ही वाक्ये प्रभासच्या काठी बोलली गेली असतील, तशीच ती आज बंदरातील नौकेवर बोलली जातात. कायदा द्वारकेच्या वेशीपर्यंत पोहोचतो, त्यापुढे माणसाचे मनच त्याला आवरू शकते.

खान्देशाला हे निराळे समजावण्याची गरज नाही. आमच्या पश्चिमेला गुजरात आहे, जेथे राज्यस्थापनेपासून दारूबंदी आहे. दक्षिणेला नाशिक आहे, जे 'वाईनची राजधानी' म्हणून मिरवते. दोन्ही राज्यांचा मूळ कायदा एकच, १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम. एकाने त्याचा अर्थ बंदी असा घेतला, दुसऱ्याने परवाना असा. बंदी असूनही गुजरातेत चोरटी दारू पोहोचते, २०२२ मध्ये बोटाद परिसरात विषारी दारूने बळी घेतले, हे नाकारता येणार नाही. आणि बंदी नसल्याने महाराष्ट्रात सारे आलबेल आहे, असेही नाही. २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली, ती मुंबईतच. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. केवळ कायद्याने हा प्रश्न सुटत नाही, हाच याचा बोध.

या ठिकाणी आपल्याच मंडळींना चार शब्द सुनावणेही प्राप्त आहे. डिसेंबर २०२३ मध्ये गुजरात शासनाने गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत मद्यप्राशनास सवलत दिली. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रातील महायुती सरकारने मद्यावरील शुल्क वाढविले आणि त्यातून सुमारे चौदा हजार कोटी रुपयांचे वाढीव उत्पन्न अपेक्षिले. मांडवीच्या पात्रातील कॅसिनोंच्या नौका हलविण्याची आश्वासने गोव्यात एकामागून एक दिली गेली, नौका मात्र हलल्या नाहीत. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले आहे. सत्ता विरोधकांची असो वा आपल्या विचारांची, तिजोरी मद्यावर अवलंबून राहिली की या कलमाची आठवण भाषणापुरती उरते. विरोधी बाकावरून जे बोललो, ते सत्तेच्या आसनावरूनही खरे असले पाहिजे, ही अपेक्षा कार्यकर्त्यांनी बाळगली तर त्यात गैर काय?

वस्तीतली बाटली, नौकेवरचा प्याला

या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक टोचणारी आहे. आपले कार्यकर्ते सेवावस्त्यांत व्यसनमुक्तीचे काम करतात. मजुरीचे पैसे घरी येण्याआधी गुत्त्यावर संपतात, म्हणून रडणाऱ्या माउलींचे अश्रू त्यांनी पाहिलेले असतात. ज्या गावांत महिलांनी मतदान करून 'बाटली आडवी' केली, त्या महिलांचा सत्कार आपण व्यासपीठावर बोलावून करतो. मग त्याच व्यासपीठावरील प्रतिष्ठिताने पुढच्या शनिवारी नौकेवर वाईनचा प्याला उंचावलेले छायाचित्र सर्वांच्या भ्रमणध्वनीवर फिरावे, याचा अर्थ वस्तीतल्या माणसाने काय घ्यायचा? गरिबाची दारू हे व्यसन आणि श्रीमंताची वाईन ही अभिरुची, असा न्याय जो समाज करतो, त्याचा उपदेश कोणी ऐकत नाही आणि ऐकूही नये.

राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आले, त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. त्यातील सुधाकर हा गुत्त्यावरचा मजूर नव्हता, बुद्धिमान वकील होता. त्याचा आरंभही एकाच प्याल्याने झाला. आपण ते नाटक पाहून डोळे पुसले, पदे गुणगुणली आणि शीर्षकाचा अर्थ तेवढा विसरलो.

खान्देशाजवळ उत्तर आहे

निषेधाने कोणतीही पोकळी भरून निघत नाही. आनंदाची भूक खरी आहे, तिला चांगले अन्न द्यावे लागते. हे आमच्याच प्रदेशातील एका संताने दाखवून दिले आहे. तळोदा तालुक्यातील मोरवड, म्हणजेच रंजनपूर, येथील संत गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल बांधवांना मद्यत्यागाचा उपदेश केला. त्यांनी केवळ 'पिऊ नका' असे सांगितले नाही. त्यांनी लोकांना एकत्र जमण्यासाठी आरती दिली, परस्परांना 'आप' म्हणून संबोधण्याचा मान दिला. ज्या माणसाला आजवर सावकार आणि अंमलदार एकेरीत हाक मारीत, त्याला शेजारी आदराने 'आप' म्हणू लागला. प्याल्याने दिलेल्या खोट्या धुंदीच्या जागी त्याला स्वाभिमानाची खरी धुंदी मिळाली. १९३८ मध्ये महाराजांचे निधन झाले, पण त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी हे कार्य पुढे चालविले. व्याख्याने आणि पत्रकांनी जे साधत नाही, ते एका आरतीने आणि एका आदरार्थी शब्दाने साधले.

हाच धडा नौकेच्या बाबतीत घेता येईल. २ जुलै २०२३ रोजी अहमदाबादेत साबरमतीच्या पात्रात भोजनाची सोय असलेली 'अक्षर रिव्हर क्रूझ' ही दोन मजली नौका केंद्रीय गृहमंत्री अमित शाह यांच्या हस्ते सुरू झाली. एका वेळी १६५ प्रवासी घेण्याची तिची क्षमता. दारूबंदीच्या राज्यात सुरू झालेल्या या नौकेवर मद्य नव्हते आणि त्यावाचून कोणाचे काही अडले नाही. आमच्या भागातील हजारो कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेत स्थायिक झालेली आहेत. मद्याविना सायंकाळ सुखाची होते, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. मग मुंबईच्या बंदरात असे का होऊ नये? घारापुरी, खांदेरी, आंग्रे यांचे आरमार, आजचे नौदल यांची कथा सांगणारी, आगरी-कोळ्यांच्या आणि देशावरच्या पदार्थांचे भोजन वाढणारी मद्यविरहित नौका एखाद्या तरुण मराठी उद्योजकाने चालवून पाहावी. पर्यटन विकास महामंडळाने तिला धक्क्यावर जागा द्यावी. आणि आपल्या कुटुंबांनी तिची तिकिटे काढावीत. मागणी असली की बाजार आपोआप वळतो. आजवर त्याला आपली मागणीच कळलेली नाही.

कुटुंबप्रबोधनाच्या बैठकांत आपण आठवड्यातून एकदा एकत्र भोजनाचा आग्रह धरतो. त्या भोजनात या विषयावरही मोकळेपणाने बोलले जावे. मुलांवर चिडून किंवा त्यांना बिघडलेले ठरवून हे होणार नाही. मुलगा नौकेवर नेतो, ते आईवडिलांना सुख द्यावे म्हणूनच. त्याचे मन मोडू नये. आईने प्रेमाने एवढेच सांगावे, 'बेटा, समुद्र पाहायला येते, गरम जेवूही या. प्याला मात्र नको, आणि तूही आज माझ्यासाठी घेऊ नकोस.' ज्या घरात एवढे सांगण्याचा अधिकार आईला आहे आणि ते ऐकण्याची लाज मुलाला वाटत नाही, त्या घराला कोणत्याही अबकारी धोरणाची भीती नाही.

झाशीच्या राणीच्या माहेरच्या तांबे घराण्याशी आपले नाते सांगणारे पारोळे हे गाव आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी इथला भुईकोट जप्त केला. तटबंदी पडली तरी गावाचा पीळ गेला नाही. भुईकोटाचे बुरूज सांभाळणे पुरातत्त्व खात्याचे काम आहे, घराचे बुरूज आपले आपणच सांभाळायचे आहेत. समुद्र आपला आहे, सायंकाळ आपली आहे, समोरचे दुर्ग आपले आहेत. हे सारे डोळे भरून पाहायला शुद्धीवरचे डोळे लागतात.